दुसऱ्याचं नाव

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पदवीचा झगा काही माझ्या अंगावर चढला नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत भावकीतली, गावातली कितीतरी पोरंपोरी पदवीधर झाली आणि त्यांच्या समारंभात मागच्या खुर्चीवर बसायचा मान मला मिळाला. मागच्या खुर्चीवरून पुष्कळ दिसतं. तिथं बसूनच एक प्रश्न मनात रुतला. आनंद आपला असतो हे खरं, पण तो दुसऱ्याच्या रानात किती शिरू द्यायचा?

आमचे गुरुजी 'स्नातक' या शब्दाची फोड करून सांगायचे. जुन्या काळी गुरूच्या घरचं शिक्षण संपलं की समावर्तन व्हायचं. शिष्याला आंघोळ घालायची. न्हाऊन बाहेर पडला तो स्नातक. निघताना गुरू त्याला खऱ्याला धरून राहायला सांगायचा, आईबापाचा आणि दारी आलेल्या पाहुण्याचा मान राखायला सांगायचा. तैत्तिरीय उपनिषदात हा उपदेश आहे. त्या आंघोळीला सगळ्या जातींना आणि बायांना जागा नव्हती, हेही गुरुजी सांगायचे. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शिक्षण संपल्याच्या दिवशी पहिलं बोलणं वागण्याचं व्हायचं.

तीनेक वर्षांमागं तालुक्याच्या एका कॉलेजात पदवी वितरण होतं. पुतण्याला पदवी मिळायची म्हणून मी गेलो. शेजारच्या खुर्चीवर ऊसतोडीची एक बाई बसली होती. हाताला कोयत्याचे घट्टे. मला म्हणाली, "लेकीचं नाव मायकावर घेणार हायेत म्हणं. तेवढं ऐकायला आलेय, आबा." त्यासाठी तिनं एक दिवसाची हजेरी बुडवली होती. नावं सुरू झाली. एका पोराचं नाव आलं आणि त्याच्या दोस्तांनी शिट्ट्या, आरोळ्या सुरू केल्या. एकानं खुर्चीच डोक्यावर घेतली. पुढची दोन नावं त्या गलक्यात बुडाली. बाई माझ्याकडं वळली, "माझ्या लेकीचं झालं का वं?" पोरगी तोवर कागद घेऊन स्टेजवरून उतरत होती. मी म्हणालो, "झालं, ताई. ती बघा, येतीय." बाईनं टाळ्या वाजवल्या, पण लेक तेव्हा खाली पोचली होती.

त्या पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच मला ही गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. वाईट हेतूनं केलेलं पाप ओळखू येतं, त्याला शिक्षाही असते. आनंदाच्या भरात दुसऱ्याचं काही हिरावलं तर ते कुणाच्या हिशेबात धरायचं?

गावात पदवीची मिरवणूक निघते तेव्हाही हेच होतं. डीजेच्या भिंती लागतात. गोठ्यातल्या गाया बिथरतात आणि संध्याकाळी पान्हा चोरतात. रॉकेट सुटतं आणि कुठं पडेल याची सोडणाऱ्याला फिकीर नसते. उन्हाळ्यात कडब्याची गंज पेटायला एक ठिणगी बास होते. वर्षाची वैरण घटकाभरात राख. गुलालाचं तर विचारूच नका. बरोबरच्या पोरींना धरून तोंडाला फासतात. पोरगी "नको, नको" म्हणते आणि सगळे हसतात. आनंदाचा दिवस आहे म्हणून तिच्या 'नको'ची किंमत कमी होते का? पंधरा वर्षं शिकून एवढा साधा शब्द कळत नसेल, तर शिकवण्यात आणि शिकण्यात काहीतरी राहून गेलं म्हणायचं.

रात्री मग पाझर तलावावर पार्टी. तलावातून मुरूम उपसलेला असतो. वरून पाणी सपाट दिसतं, खाली दोन पुरुष खोल खड्डे आणि गाळ. पट्टीचा पोहणाराही तिथं फसतो, पिऊन उतरणाऱ्याची तर बातच नको. येताना एका मोटरसायकलवर तिघं. त्या रात्री आईबाप उंबऱ्यावर बसून असतात.

यावर आमच्या आळीतल्या एका पोरानं मला गाठलं. म्हणाला, "आबा, आमच्या घरात सात पिढ्यांत पहिली पदवी. आजवर आम्ही गप्पच बसलो. आता जरा वाजवलं तर तुम्हाला खुपतंय?" त्याचं बोलणं मला लागलं, कारण त्यात खरं होतं. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसणं आलं, त्यांना कुणी शांततेचे धडे देऊ नयेत. मी त्याला म्हणालो, "वाजव बाबा. हलगी वाजव, मी पण नाचतो. पण शेजारी अंथरुणाला खिळलेली म्हातारी पण सात पिढ्या गप्पच बसलीय. तिची झोप तुझ्या वाट्याची नाही." रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, दवाखान्याच्या आणि शाळेच्या 100 मीटरात शांतता, हा नियम 2000 सालापासून आहे. पण म्हातारीसाठी कायद्याची गरज पडावी, हे काही बरं लक्षण नव्हे.

आनंदीबाई जोशींना 11 मार्च 1886 ला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. आपल्या माणसाच्या मोठ्या दिवशी आपण तिथं असणं, याहून मोठा गाजावाजा मला तरी ठाऊक नाही.

शेतकऱ्याला पाणी हवंच असतं. पण बांध फोडून शेजारच्या रानात घुसलेलं पाणी त्याचं पीक झोपवतं, आणि आपली मातीही घेऊन जातं. आनंदाचंही तसंच आहे, असं मला वाटतं. म्हणून आता गावात कुणाच्या घरी पदवी आली की मी पेढा खाताना तीनच गोष्टी सांगतो. गुलाल ताटात ठेवा, ज्याला हवा तो आपल्या हातानं लावून घेईल. प्यालेल्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका. आणि समारंभात आपल्या पोराचं नाव झालं की पोटभर टाळ्या वाजवा, मग गप्प व्हा. पुढचं नाव कुणाच्यातरी लेकराचं असतं.