कलश आणि संक्रमण शिबिर

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात 2024 साली काम निघाले, तेव्हा त्याला ‘जतन व संवर्धन’ म्हटले गेले. मार्चच्या मध्यापासून पदस्पर्श दर्शन बंद होते, ते जूनच्या सुरुवातीला खुले झाले. गाभाऱ्यातला ग्रॅनाइट काढला, चांदी उतरवली आणि मूळ दगड दिसू लागला. ही सगळी भर मागच्या कुठल्यातरी पिढीने भक्तीनेच घातली होती. मंदिर नीटनेटके व्हावे, देवाला शोभेसे व्हावे, अशीच तिची भावना होती. म्हणजे एका पिढीने देऊळ ‘नवे’ केले आणि दुसरीने ते ‘जुने’ केले. दोघींचाही दावा एकच, आम्ही देवळाला त्याचे रूप परत दिले.

अजिंठ्यालाही असेच घडले. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी धरून ठेवला, ही त्यांची मोठी कामगिरी. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा लेपही दिला. तो काळाबरोबर पिवळा, मग तपकिरी पडत गेला आणि रंग त्याच्या आड बुडाले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तोच लेप जपून जपून उतरवावा लागला.

या दोन्ही ठिकाणी माणसे प्रामाणिक होती. तरीही मला वाटते, पुन्हा, नव, उद्धार असे काही पुढेमागे लागलेला शब्द आपण फार लवकर मान्य करतो. पुनर्वसन, पुनर्विकास, पुनरुज्जीवन, नूतनीकरण, जीर्णोद्धार हे शब्द कानावर पडले की काहीतरी चांगलेच होणार असे आपण गृहीत धरतो. विरोध करणारा आपसूकच पडझडीच्या बाजूचा ठरतो. खरे तर ‘पुन्हा’ म्हणणाऱ्यावर एक जबाबदारी येते. आधी काय होते, त्यातले काय परत येणार, कुणाकडे आणि कधी, हे त्याने सांगायला हवे.

ही जबाबदारी आपल्या परंपरेने ओळखली होती. अग्निपुराणात जीर्णोद्धारावर स्वतंत्र अध्याय आहे. भंगलेली मूर्ती किंवा ढासळलेला गाभारा हाताळण्याआधी मूर्तीतले देवत्व विधिपूर्वक कलशात उतरवायचे, काम चालू असेपर्यंत कलशाची पूजा करायची आणि काम पुरे झाले की प्रतिष्ठा करून ते मूर्तीत परत आणायचे, अशी रीत आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर 2015 साली संवर्धनाची प्रक्रिया झाली, तेव्हाही देवत्व कलशात नेले होते. श्रद्धा असो वा नसो, या व्यवस्थेतली नीती मला थोर वाटते. दुरुस्तीच्या काळात ज्याचे घर ते, तो कुठे राहील याचा विचार छिन्नी हातात घेण्यापूर्वी होतो. त्याची सेवा एक दिवसही खंडत नाही, आणि परतीचा विधी निघण्याच्या विधीइतकाच पक्का असतो.

जागा तीच असली पाहिजे, असा हट्ट मात्र परंपरेचाही नव्हता. अहिल्याबाई होळकरांनी 1783 च्या सुमारास सोमनाथला देऊळ बांधले ते भग्न मंदिरापासून थोड्या अंतरावर. काशीतले त्यांचे विश्वेश्वराचे देऊळही जुन्या जागेच्या शेजारी आहे. तरी आपण त्यांच्या कामाला जीर्णोद्धार म्हणतो आणि ते योग्यच आहे, कारण तुटलेली पूजा त्यांनी सांधली. म्हणून वास्तू किती हुबेहूब झाली यापेक्षा ती ज्याची होती त्याला मिळाली की नाही, हे मी आधी पाहीन.

आता मुंबईकडे पाहा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली आणि इमारती पडू लागल्या. मग 1969 साली कायदा झाला. रहिवाशांकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून इमारती सावरायच्या. त्यासाठीच्या मंडळाचे नाव ‘दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ’, त्यात दुरुस्ती आधी आहे. दोन वर्षांनी आलेल्या झोपडपट्टी कायद्याच्या नावात सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास हे तीन शब्द त्याच क्रमाने बसले आहेत. पुढच्या काही दशकांत हा क्रम प्रत्यक्षात उलटला. सुधारणा आणि दुरुस्ती मागे पडली, पुनर्विकास पुढे आला, कारण जादा चटईक्षेत्राचा पैसा दुरुस्तीत नाही. गळका पत्रा बदलून कुणाला विकायला सदनिका मिळत नाही.

लोकांच्या बोलण्यात हा बदल नेमका उतरला आहे. ‘आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली’ असे मुंबईकर म्हणतो. बिल्डिंग जाते, माणूस भाड्याच्या खोलीत किंवा ट्रान्झिट कॅम्पमध्ये जातो. सरकारी भाषेत ते संक्रमण शिबिर, म्हणजे जाता-येता टेकण्याची जागा. पण तिथे मुले जन्मली, शिकली, त्यांची लग्ने झाली, आणि मूळ घराची चावी ज्यांना मिळायची ती पिढी संपली, अशी कुटुंबे या शहरात आहेत. देवासाठी जो कलश, तेच माणसांसाठी संक्रमण शिबिर असायला हवे होते. फरक एवढाच पडला की परतीचा विधी कुणी पक्का केला नाही.

धरणाच्या बाबतीत तर शब्दच उशिरा आला. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 साली केला, तेव्हा कोयनेचे पाणी साठून दशक उलटले होते. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या जमिनीचे दावे आजही पुरते मिटलेले नाहीत. त्या भागातली जुनी माणसे पुनर्वसन म्हणत नाहीत, ‘गाव उठलं’ म्हणतात. मला त्यांचा शब्द अधिक खरा वाटतो, तो झालेले नुकसान आधी सांगतो. सरकारी कागदात पुनर्वसित गावठाणाला 18 नागरी सुविधा द्यायच्या असतात. रस्ता, शाळा, विहीर, स्मशानभूमी हे सगळे मोजता येते आणि ते मिळणे हा हक्कच आहे. पण नदीकाठची गाळाची जमीन, भावकीचा शेजार, डोंगरावरचे चराईचे रान हे त्या यादीत कुठून येणार? जे परत देता येणार नाही ते देता येणार नाही, असे आधीच कबूल करून त्याची भरपाई ठरवणे अधिक सचोटीचे झाले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. देव एक, माणसे हजारो. कलशाचा मुक्काम थोडा, टॉवर उभा राहायला वर्षे लागतात. शिवाय मोडकळीला आलेली चाळ तशीच ठेवणे म्हणजे पावसाळ्यात माणसे मारणे. मला हे मान्य आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्यांना डागडुजीचे गोडवे ऐकवण्याचा अधिकार कुणाला नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये त्याच वरळीत 500 चौरस फुटांची घरे मिळाली, तेव्हा ‘पुनर्विकास’ या शब्दाने आपले देणे फेडले. म्हणजे शब्दात खोट नाही. म्हाडाने, सरकारी यंत्रणेने हे काम अंगावर घेतले आणि लोक आपल्याच वस्तीत परतले.

खासगी पुनर्विकासात हे देणे कुठे बुडते, ते रेरा कायदा वाचला की दिसते. त्याच इमारतीतली नवी सदनिका विकत घेणाऱ्याला ताबा कधी मिळणार, ती तारीख महारेराकडे नोंदवावी लागते, कुणालाही पाहता येते, आणि ती चुकली तर व्याज मागता येते. ज्या जुन्या रहिवाशाने आपली जागा रिकामी करून दिली, त्याच्या परतीची तारीख मात्र फक्त त्याच्या करारात असते, कारण विक्रीसाठी नसलेला पुनर्वसनाचा भाग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. भाडे थकले, काम रखडले, विकासक बदलला, की त्याने वकील गाठायचा. ही दुसरी तारीख पहिलीच्या शेजारी त्याच नोंदीत यावी, थकलेल्या भाड्याची तक्रार तिथेच करता यावी, आणि रहिवासी परतल्याखेरीज विक्रीच्या सदनिकांना भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये, एवढी दुरुस्ती कायद्यात करता येईल.