सुई मधोमध, पण ऑइलचं काय?



गोव्याहून बेळगावला माल भरून निघालेली डिझेल पिकअप चोर्ल्याचा घाट चढत असते. दुसरा गिअर, इंजिनाचा घरघराट, पण तापमानाची सुई मधोमध. ड्रायव्हर निर्धास्त! खरं तर बऱ्याच गाड्यांत ती सुई मुद्दामच तशी ठेवलेली असते. कूलंट 85 अंश असो की 100, ती जागची हलत नाही, माणूस उगाच घाबरू नये म्हणून. शिवाय ती सांगते फक्त कूलंटचं. इंजिन ऑइल सावकाश तापतं, लांब चढावर कूलंटच्याही पुढे जातं. त्याच्या तापमानाचा काटा बहुतेक पिकअपमध्ये नसतोच.

आपण साधक मंडळी राग दाखवत नाही, त्यालाच साधना समजतो. चेहरा शांत ठेवणं म्हणजे ढोंग, असं आम्ही म्हणणार नाही. मुलं घाबरू नयेत म्हणून आई हसते, ते प्रेमच. पण "आमच्या घरी कधी आवाज चढत नाही" असं आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा ती शांतता कुणाच्या जिवावर चाललीय, हे विचारायला नको का?

मात्र कळलं म्हणून लगेच झाकण उघडायचं नाही हं. रेडिएटरमध्ये दाबामुळे कूलंट शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण काढलं की उकळतं पाणी अंगावर. गाडी कडेला घेऊन थांबावं लागतं. घरीसुद्धा "काय झालं, आत्ता सांग" म्हणण्याआधी ओट्यावरची भांडी आपण घासायला घ्यावीत.