जॉबरचाचांचा फळा

भिवंडीत दिवस उजाडतो तो यंत्रमागांच्या खडखडाटात. माग अडला की तो दुरुस्त करणारा जॉबर येतो, धोटा हातात फिरवून बघतो आणि दोष नेमका कुठे आहे ते सांगतो. ही विद्या पुस्तकात नाही, हातात आहे. बहुतेकदा ती कारखान्याच्या चार भिंतींतच राहते, हे मला खटकतं.

हातातली विद्या भिंतींबाहेर कशी नेता येते, याचं एक उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम शिकत गावाची खरी कामं करू लागली. लोखंडी त्रिकोण जोडून उभारलेलं घुमटाकार घर तर 'पाबळ डोम' म्हणूनच ओळखलं जातं. २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची छोटी कार्यशाळा, आली. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. अशा लॅबचा जगभरचा शिरस्ता मोठा छान आहे: केलेली वस्तू खुशाल विका, पण ती कशी केली हे दुसऱ्याला शिकता आलं पाहिजे.

तसंच भिवंडीतल्या एखाद्या बंद कारखान्यात एक लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि एक फळा ठेवला, तर पहिला तास कुणी घ्यावा? माझं मत जॉबरचाचांना.