निष्ठेची कसोटी

एखाद्या मतदारसंघानें एकाच गृहस्थास अकरा वेळां निवडून द्यावें, हा त्या गृहस्थाचा सद्गुण म्हणावा कीं लोकांची केवळ संवय? सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ सालीं प्रथम विधानसभेंत गेले. दोन पराभव सोसूनही २०१९ पर्यंत त्यांनीं तोच मतदारसंघ राखला आणि शेतकरी कामगार पक्ष क्षीण होत गेला तरी तो सोडला नाहीं.

विजय हा सद्गुणाचा पुरावा नव्हे. धनानें वा धाकानेंही तो मिळतो. खरी कसोटी पराभवानंतर लागते. १९९५ सालीं लोकांनीं नाकारल्यावर ते त्याच झेंड्याखालीं १९९९ सालीं पुन्हा त्याच लोकांपुढें उभे राहिले व निवडून आले. नाकारण्याचा लोकांचा अधिकार यांत मान्य झाला.

पक्षच वाट चुकला तर तो सोडूं नये काय, असें कोणी विचारील. अवश्य सोडावा, परंतु आधीं राजीनामा देऊन लोकांचा कौल पुन्हा मागावा. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा फार तर आसन काढून घेईल. निष्ठा देणार नाहीं. मत ही ठेव आहे, आणि धन्यास विचारल्यावांचून ठेव हलवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.