मागून येणारा माणूस

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एका लोखंडी चौकटीचा प्रश्न चर्चेला आहे. कुटुंबाच्या चार सायकली मोटारीवर लादून गावाबाहेर न्यावयाच्या, तर त्यासाठी कोणते कॅरिअर घ्यावे, एवढाच तो प्रश्न. बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तो क्षुल्लक वाटेल. ज्यांनी सबंध बिऱ्हाड जबलपूरहून रायपूरला आणि रायपूरहून भोपाळला हलविले, त्यांनी चार सायकलींपुढे हात टेकावेत हे त्यांना शोभतही नाही. आम्हांलाही तसेच वाटत होते. परंतु मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या लेखी केवळ सामानाचा राहिलेला नाही.

भोपाळच्या आसपास सायकल चालविण्यास भोजपूरच्या रस्त्यासारखा रस्ता नाही. होशंगाबाद रस्त्याने (त्या शहराचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम झाले असले, तरी रस्त्याचे जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही) ‘ग्यारह मील’ या ठिकाणापर्यंत जावे आणि तेथून डावीकडे वळावे. पुढे बेतवेच्या काठी राजा भोजाच्या काळचे, अकराव्या शतकातले, शिवाचे अपुरे मंदिर उभे आहे. मंदिरामागे दगड वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतार आजही दिसतो, आणि आजूबाजूच्या खडकांवर त्या स्थपतींनी कोरलेले आराखडे आहेत. एकेकाळी येथे बांध घालून केलेले मोठे सरोवर होते. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहाने तो बांध फोडला, असे सांगतात. जुन्या तळ्याच्या तळावर आज गव्हाची शेते आहेत, आणि म्हणूनच तो मुलूख मुलांच्या सायकलींना मानवण्याजोगा सपाट आहे. घरापासूनच सायकलीने निघावे, तर हमरस्त्यावर मालमोटारींची अखंड रांग. तेव्हा ग्यारह मीलच्या पुढपर्यंत सायकली मोटारीवर न्यावयाच्या आणि तेथून चालवावयाच्या, असा आमचा क्रम ठरला.

पहिले कॅरिअर आम्ही घेतले ते डिकीवर पट्ट्यांनी बांधावयाचे. ते स्वस्त होते, घडी करून पलंगाखाली सरकवता येत होते, आणि बदलीचा हुकूम आला तर ट्रंकेत मावत होते. सरकारी नोकराला यापेक्षा अधिक काय हवे? दोन बाहेर आलेल्या दांड्यांवर सायकलींची आडवी नळी टेकवावयाची, रबरी पट्ट्यांनी ती जखडावयाची, आणि सबंध चौकट सहा पट्ट्यांनी डिकीच्या कडांना ओढून धरावयाची. सौभाग्यवतींच्या बायकी सायकलीला आडवी नळी नसल्यामुळे हँडल व सीट यांमध्ये एक खोटी नळी लावावी लागे. पेडल रंगाला घासू नये म्हणून त्याला जुन्या धोतराचा पीळ गुंडाळावा लागे. या सर्व खटपटीत आम्हांला एक प्रकारचा अभिमानही वाटत असे.

त्या कॅरिअरचे दोष आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. सायकली लटकल्या की मागची नंबराची पाटी अर्धी झाकली जाई. डाव्या बाजूचा लाल दिवा मुलाच्या सायकलीच्या चाकाआड जाई. आणि खालच्या पट्ट्यांपैकी एक बकलाजवळ उसवत चालली होती. निघण्याच्या सकाळी ती आमच्या हाताखालून गेली, तिचे सुटलेले धागे आम्हांला दिसले, आणि ‘एवढ्या खेपेला चालेल’ असे म्हणून आम्ही ती आवळली. हे वाक्य आम्ही मुद्दाम जसेच्या तसे लिहीत आहोत, कारण पुढील सारा विचार त्यावरच उभा आहे.

भोजपूरकडे वळल्यावर दीडदोन मैलांवर ती पट्टी तुटली. चौकट एका अंगाला कलली आणि मुलीची सायकल रस्त्यावर पडली. मागून मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या अडकवून एक गवळी येत होता. त्याने गाडी झटकन शेतात घातली. एक बरणी लवंडली, दूध मातीत गेले. तो उठला, कपडे झटकले, आणि आम्ही धावत पोहोचण्यापूर्वीच त्याने सायकल उचलून कडेला ठेवली होती. आम्ही काय बोललो ते आता आठवत नाही. दुधाचे पैसे त्याने बऱ्याच आग्रहानंतर घेतले. निघताना चौकटीकडे पाहून एवढेच म्हणाला, “भाईसाहब, पट्टा तो पहले से गला हुआ था।”

त्याला ते एका दृष्टिक्षेपात कळले, आणि आम्हांला ते घरीच कळलेले होते.

कोणालाही लागले नाही. मुले दुपारपर्यंत सर्व विसरून गेली. पुढे चार लोकांत हा किस्सा सांगताना आम्हीही त्याला विनोदी वळण देऊ लागलो. परंतु रात्री दिवा मालवल्यावर एक प्रश्न पाठ सोडीना. तो गवळी जर पाच पावले पुढे असता, तर आम्ही काय ठरलो असतो? सकाळी पट्टी आवळणारा हात तोच, उसवलेले धागे तेच, ‘चालेल’ हा शब्दही तोच. आमच्या कृत्यात तसूभरही फरक नसता. असे असून एका पक्षी आम्ही थोडे निष्काळजी गृहस्थ ठरतो, आणि दुसऱ्या पक्षी एका कुटुंबाचा आधार हिरावणारे. पाच पावलांचे ते अंतर आमच्या पुण्याईचे नव्हते.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये नेमका हाच पेच मांडला आणि त्याला ‘नैतिक दैव’ म्हणता येईल असे नाव दिले. नेगेलच्या उदाहरणातला मालमोटारीचा चालक ब्रेक तपासून घेण्यात हयगय करतो. मूल आडवे आले तर तो आयुष्यभर अपराधी. न आले तर त्याला आपली हयगय आठवतही नाही. दोघांचा दोष सारखाच मानावा, असे बुद्धी सांगते. मन व कायदा मात्र तसे मानीत नाहीत. आम्ही ज्या कचेऱ्यांतून वावरतो तेथेही हाच न्याय चालतो. पुलाची तपासणी न करता सही करणारे दोन अधिकारी असतात. ज्याचा पूल पडतो त्याची चौकशी होते, आणि ज्याचा पडत नाही त्याला बढती मिळते.

यावर आपल्याकडचा विचारी मनुष्य गीतेकडे वळतो. फळ आपल्या हाती नाही, मग फळावरून कृत्याची पारख कशाला? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, पुष्कळांचे पुष्कळ सुख हे केवळ बाह्य परिणामांवर उभे असलेले माप अपुरे ठरविले आहे आणि कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठत्व दिले आहे. ते आम्हांला मान्य आहे. परंतु आपल्या प्रकरणी ते लावून पाहिले, तेव्हा त्याचा सोयीस्कर अर्थ काढण्याचा मोह किती सहज होतो हे ध्यानात आले. आमची बुद्धी त्या सकाळी शुद्धच होती! मुलांना मोकळी हवा मिळावी, यापेक्षा निर्मळ हेतू कोणता? हेतू शुद्ध, फळही सुदैवाने निरुपद्रवी. दोन्ही तागड्यांत आम्ही निर्दोष उतरतो, आणि तरीही आम्ही दोषी आहोत हे आम्हांला पक्के ठाऊक आहे. याचा अर्थ आमच्या मते एवढाच की, बुद्धी म्हणजे मनातली सदिच्छा नव्हे. बोटांखाली उसवलेला धागा लागला असता बोटे थांबतात की नाही, त्यात ती असते. टिळकांसारख्या कर्मयोग्याला हेच अभिप्रेत असणार. सदिच्छेवर सुटका मागणारे आम्ही.

आमच्या वडिलांच्या काळी हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटत असे. सायकल एस.टी.च्या टपावर जाई. हमाल शिडीने वर चढे, काथ्याची दोरी हँडलातून आणि चाकातून फिरवी, पाय रोवून गाठ मारी, आणि ती गाठ सोडताना पुढच्या गावचा हमाल शिव्या देई. बांधणे हा त्याचा धंदा होता आणि गाठ सुटली तर त्याची अब्रू जाई. आज दुकानदार पेटीत बांधलेली चौकट हाती देतो, आत चित्रांचा कागद असतो, आणि धंदा नसलेला मनुष्य रविवारी सकाळी घाईत गाठ मारतो. हमालाची मजुरी वाचली. त्याची अब्रू मात्र आपल्याकडे आली आहे, हे कोणी सांगितले नाही.

तेव्हा नव्याने निवड करताना आम्ही किंमत आणि सोय हे रकाने बाजूस ठेवले आणि एकच रकाना आखला : चूक झाली, तर ती प्रथम कोणाला भोवेल?

मोटारीच्या मागे जोडावयाच्या हुकावर बसणारे मंचासारखे कॅरिअर सर्वांत भक्कम, यात शंका नाही. सायकल कंबरेच्या उंचीवर चढवता येते. चाके मंचावर बसतात. युरोपात अशा कॅरिअरला स्वतःचे दिवे आणि नंबराची दुसरी पाटी असते, म्हणजे मागून येणाऱ्याचा विचार त्या वस्तूतच घडविलेला असतो. परंतु आमच्या लहान मोटारीला कारखान्यातून तसा हूक नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे फेरफार करण्यास मनाई करते. बाजारात बसवून घेतलेला हूक त्यात मोडतो की नाही, यावर आमच्या ओळखीच्या दोन अधिकाऱ्यांनी दोन मते दिली. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा असा न्याय आहे. येथे आरोपी आम्हीच होणार असल्याने आम्ही तो कायद्याला दिला.

उरले छतावरचे. मूळ मासे पकडण्याचे सापळे करण्यासाठी १९४२ साली स्वीडनमध्ये निघालेली थूले ही कंपनी पुढे याच वस्तूंसाठी जगभर प्रसिद्ध झाली, ही एक गंमत. छतावरच्या चौकटीत सायकल उभी राहते. दोन्ही चाकांना पट्टे आणि खालच्या नळीला पकड, असे तीन ठिकाणी बंधन असते. पाटी आणि दिवे मोकळे राहतात. गैरसोयी मात्र भरपूर. सायकल डोक्यावर उचलावी लागते, वारा अडतो, पेट्रोल अधिक जळते. सर्वांत मोठी गैरसोय ही की, वर सायकली आहेत हे विसरून मोटार कमानीखाली घातली, तर सायकली, छत आणि अक्कल या तिन्हींचा एकदम निकाल लागतो. पण तो निकाल आपला असतो. हाच आम्हांला तिचा गुण वाटला. पट्टा तुटला तर छतावरची सायकलही मागच्यावरच पडेल, आणि अधिक जोराने पडेल, ही गोष्ट सौभाग्यवतींनी तत्काळ दाखवून दिली. “अहो, वस्तू बदलली म्हणून सवय बदलत नाही,” असे त्या म्हणाल्या. या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून दर खेपेस पट्टे दोघांनी तपासावेत आणि पहिल्या दोन मैलांनंतर थांबून पुन्हा ओढून पाहावेत, असे ठरले.

मुलीचा आक्षेप याहून कठीण होता. “बाबा, मागच्या माणसाची एवढी काळजी असेल, तर मोटारच कशाला काढायची? ती काय कमी धोक्याची आहे?” तिचे म्हणणे खरे आहे. रस्त्यावर उतरणारा प्रत्येक जण आपल्या सुखासाठी परक्याच्या अंगावर काही धोका टाकतो, आणि तो परका आपल्या अंगावर टाकतो. ही देवाणघेवाण सर्वांनी मुकाट्याने मान्य केली आहे. पण उसवलेली पट्टी त्या करारात बसत नाही, एवढेच आम्ही तिला सांगू शकलो. तिचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे आमचेही नाही.

शेवटी वजनाचा हिशेब आला. पुष्कळ मोटारींच्या छतावरच्या सळ्या केवळ शोभेच्या असतात. आमच्या मोटारीच्या पुस्तिकेत त्यांना ७५ किलोची मर्यादा दिलेली आहे, आणि तीत कॅरिअरचे वजनही धरावयाचे असते. दोन आडव्या पट्ट्या आणि तीन सायकलींच्या चौकटी मिळून १७ किलो. सौभाग्यवतींची सायकल १६, मुलीची १४, मुलाची १२. एकूण ५९ किलो झाले. चौथी सायकल आमची : काळी, दांडीची, मागे जड कॅरिअर असलेली, वडिलांनी वापरलेली. तिचे वजन २० किलो, तिच्या चौकटीचे ४. बेरीज ८३ वर गेली. आठ किलोंनी काय होते, असे शब्द ओठांपर्यंत आले होते.

ती सायकल आता व्हरांड्यात असते. भोजपूरला मंडळी सायकली हाणीत पुढे जातात आणि आम्ही मोटार घेऊन सावकाश मागून जातो. मंदिरामागच्या त्या मातीच्या उतारावर बसून त्यांची वाट पाहणे फारसे वाईट नाही. घराच्या पोर्चची तुळई सायकलींपेक्षा खाली आहे, म्हणून मुलाने फाटकाच्या कमानीला सुतळीने एक लाल चिंधी टांगली आहे. परतताना ती पुढच्या सायकलीच्या हँडलाला लागून हलली की, तो ओरडतो, आणि आम्ही मोटार बाहेरच थांबवून एकेक सायकल उतरवू लागतो.