मूल कोणाचे?

आमच्या खानदेशात बाळंतिणीच्या दारात पहिला प्रश्न येतो तो ‘काय व्हयनं?’ हा. बाई कशी आहे, मूल रडले का, हे मागाहून. उत्तर ‘आंडोर’ असे आले की पेढे निघतात. ‘आंडेर’ आले की ‘बरं, लक्ष्मी आली’ एवढे म्हणून माणसे शेताकडे वळतात. भाविक वाचकहो, हे कडू वाटेल, पण पुढचे बोलणे कळण्यास ते मनात असू द्यावे.

सन २०२३ च्या मे महिन्यात जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोन मातांच्या नवजात अर्भकांविषयी घोळ झाला. एक मुलगा, एक मुलगी. मुलगा नेमका कोणाचा असा वाद उभा राहिला आणि डीएनए तपासणीचा मार्ग धरावा लागला. बघा, वाद मुलाचा झाला. दोन्ही मुलीच असत्या तर? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली ८४२ होत्या. धुळ्याकडे स्थिती थोडी बरी, पण बरोबरी तेथेही नव्हती. त्या वादाचे मूळ मला या आकड्यात दिसते.

तपासणी म्हणजे काय, हे साधेपणी सांगतो. देहाच्या कणाकणात एक सूक्ष्म धागा असतो. त्याचा अर्धा भाग आईकडून येतो, अर्धा बापाकडून. रक्ताचा थेंब किंवा गालाच्या आतली पुसणी घेऊन प्रयोगशाळेत त्या धाग्यावरच्या ठरावीक जागा ताडून पाहतात. प्रत्येक जागी मुलाची एक खूण आईशी जुळली पाहिजे, दुसरी बापाशी. पूर्वी रक्तगट पाहत. पण रक्तगट ‘हे मूल यांचे नव्हे’ एवढेच सांगू शके, ‘यांचेच’ असे म्हणणे त्याला साधत नसे. १९८४ साली इंग्लंडातील लेस्टर येथे अलेक जेफ्रीज यांना ही खुणा ताडण्याची युक्ती सापडली आणि ती उणीव भरून निघाली.

येथे कोणी म्हणेल, महाराज, सगळी विठ्ठलाचीच लेकरे. मग ही चिरफाड कशाला? वसुदेवाने गोकुळात मुलगा ठेवला, मुलगी उचलून आणली. यशोदेने काही तपासणी मागितली काय? हे बोलणे गोड आहे, पण मला पटत नाही. यशोदेला ती अदलाबदल ठाऊकच नव्हती, आणि देवकीचे दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही. नऊ महिने जिने ओझे वाहिले तिला आपले मूल कोणते हे कळण्याचा अधिकार आहे. घोळ झाला असेल तर तपासणी करावी, आणि लवकर करावी. मात्र त्या कथेत एक गोष्ट आम्ही कीर्तनकार झटकन ओलांडून जातो. जन्मोत्सवाला आम्ही गुलाल उधळतो तो मुलासाठी. कंसाने जिला शिळेवर आपटण्यास उचलले ती मुलगी कोणाची, हे आम्ही कितीदा विचारले?

दुसरा प्रश्न याहून नाजूक. अदलाबदलीची शंका वेगळी आणि बायकोवर घेतलेला संशय वेगळा. पहिलीत तपासणी मुलाच्या बाजूने उभी राहते. दुसऱ्यात तेच यंत्र मुलाच्या अंगावर येऊ शकते. पुण्याकडील एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटले की, नवराबायकोच्या भांडणात मुलाची अशी तपासणी सरसकट करू नये. लग्नसंबंध चालू असता जन्मलेले मूल त्या दांपत्याचेच मानावे, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही राहिला आहे. कायदा जुना खरा, पण लेकराची लाज राखणारा आहे.

आपल्याला हे कोणी शिकवायला नको. तापीतीरी मेहूण येथे ज्या मुक्ताई गुप्त झाल्या, ज्यांची पालखी मुक्ताईनगरच्या कोथळीहून दरसाल पंढरीस जाते, त्या संन्याशाची मुले म्हणून भावंडांसह वाळीत पडल्या होत्या. चारी लेकरांना पैठणहून शुद्धिपत्र आणण्यास सांगितले गेले. आईबाप कोण, याविषयी तेथे शंका नव्हती. तरीही कागद मागितला, आणि मागणारे शास्त्र जाणणारे होते. म्हणून कागद कोण मागतो आणि कशासाठी, हे आधी पाहावे असे मला वाटते.

जळगावच्या त्या प्रकारानंतर महिनाभराने, वारीच्या मुक्कामी, मी हेच सारे थोडे फुगवून सांगत होतो. धागा, खुणा, न्यायालय, सगळे आले. पुढे बसलेल्या धुळ्याकडच्या एक आजीबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ते समदं खरं, महाराज. पण कागद येईस्तोवर त्या पोरीला पाजत कोण होतं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजीबाईंनी पदर सावरला, तुळस डोक्यावर घेतली आणि त्या आपल्या दिंडीकडे निघून गेल्या.