मेजवानी आणि भाकरी



समजा, एका सद्गृहस्थाने एका रात्रीच्या जेवणासाठी ५०० डॉलर मोजले. जेवण पंचतारांकित हॉटेलात, सोबतीला वाद्यवृंद, शेजारच्या खुर्च्यांवर शहरातली नामवंत मंडळी. जमलेला पैसा जाणार बेकार तरुणांना काम शिकवून नोकरीला लावणाऱ्या एका संस्थेला. आता सांगा, या गृहस्थाने दान केले की जेवण विकत घेतले?

अमेरिकेत अशा कार्यक्रमाला 'गाला' म्हणतात आणि तिथल्या लहानमोठ्या कितीतरी सेवासंस्थांना त्याचा आधार असतो. दहा-दहा खुर्च्यांची टेबले कंपन्या विकत घेतात. कुणाचा तरी सत्कार होतो, वस्तूंचा लिलाव होतो, आणि जेवण अर्ध्यावर आले की संस्थेने पायावर उभा केलेला एखादा तरुण व्यासपीठावर येऊन आपली कहाणी सांगतो. डोळे पाणावतात, खिसे सैल होतात. तिथल्या आयकराच्या कायद्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवलेले आहे. जेवणाची बाजारभावाने जी किंमत होईल ती वजा करायची, उरेल ते दान. रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर संस्थेने ही फोड देणाऱ्याला लेखी कळवायची. जेवण १०० चे, तर दान ४०० चे. हिशेब चोख! पण नीतीचा प्रश्न वजाबाकीने सुटत नाही. १०० चे जेवणारा आणि ४०० देणारा अशी दोन माणसे त्या खुर्चीवर बसलेली नसतात. माणूस एकच असतो आणि त्याचे मनही एकच असते.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक खरे उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात डोलोरेस मिशन नावाचे एक गरीब धर्मग्राम आहे. १९८६ साली येशूसंघीय फादर ग्रेगरी बॉयल तिथे प्रमुख धर्मगुरू म्हणून आले. सरकारी चाळींच्या त्या वस्तीत तरुणांच्या सशस्त्र टोळ्या होत्या आणि फादरांना कोवळ्या पोरांचे अंत्यविधी करावे लागत होते. १९८८ साली त्यांनी आणि धर्मग्रामातल्या लोकांनी या पोरांना नोकऱ्या मिळवून देण्याचे काम हाती घेतले. धर्मग्रामातल्या बायका आसपासच्या कारखान्यांच्या दारोदार गेल्या. तुरुंगात जाऊन आलेल्या मुलाला काम द्याल का, एवढेच विचारायचे होते. फारशी दारे उघडली नाहीत. तेव्हा १९९२ साली, एका चित्रपट निर्मात्याने दिलेल्या पैशातून, चर्चसमोरची एक बंद पडलेली बेकरी घेतली गेली. काल एकमेकांवर गोळ्या झाडणारी मुले आज शेजारी उभी राहून एकाच पिठात हात घालू लागली. पुढे कॅफे आला, कपड्यांवरची छपाई आली, जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या पुनर्वापराचे काम आले. 'होमबॉय इंडस्ट्रीज' या नावाने ही संस्था आज ओळखली जाते. तिथला प्रशिक्षणाचा काळ १८ महिन्यांचा असतो. चेहऱ्यावर, मानेवर गोंदलेल्या टोळीच्या खुणा लेझरने फुकट काढून देतात, कारण त्या खुणा पाहिल्यावर पुढचे काही ऐकून घ्यायला मालक थांबत नाही. २०२४ साली फादर बॉयल यांना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

ही संस्थाही दरवर्षी निधीसाठी सन्मान-भोजनाचा मोठा सोहळा करते. 'बेकरी आहे, कॅफे आहे, मग मेजवानीचे पैसे कशाला?' असे आपल्यातला एखादा व्यवहारी माणूस विचारील. प्रश्न रास्त आहे. धंदा करणारा काय करतो? हुशार कारागीर सापडला की त्याला धरून ठेवतो. प्रशिक्षण देणाऱ्याने मात्र नेमके उलटे करायचे असते. ज्याला वेळेवर उठायची सवय नाही, रागाच्या भरात ज्याचा हात सुटतो, अशाला घ्यायचे, पगार द्यायचा, त्याच्या चुका सोसायच्या. आणि ज्या दिवशी तो खरोखर उपयोगाचा होतो, त्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या कारखान्यात पाठवून नवा अनाडी घ्यायचा. असा धंदा प्रामाणिकपणे चालवला तर तो तोट्यातच जायचा, आणि तो तोटा दानाने भरून निघतो. दान आटले की काय होते ते २०१० च्या मे महिन्यात दिसले. मंदीचे दिवस होते, पैसा जमला नाही, आणि होमबॉयला सुमारे ३०० माणसांना कामावरून कमी करावे लागले. म्हणून मेजवानीला सरसकट नाक मुरडण्यापूर्वी त्या ३०० घरांतल्या चुली आठवाव्यात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की खाऊन-पिऊन, मजा करून दिलेले दान हे दानच नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली जवळपास हेच म्हटले होते. दुसऱ्याला मदत करण्यात ज्याला मुळातच आनंद वाटतो त्याच्या मदतीला कांट नैतिक मूल्य देत नाहीत. केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या मदतीला देतात. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकताना या मुद्द्यावर आमचे तासन् तास वाद व्हायचे. मला स्वतःला ॲरिस्टॉटल अधिक पटतात. देताना ज्याचा जीव दुखतो तो उदार नव्हे, कारण सत्कृत्यापेक्षा त्याला पैसा अधिक प्यारा आहे, असे त्यांचे म्हणणे. संत पौलानेही करिंथकरांना आनंदाने देणाऱ्याचीच महती सांगितली आहे. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलणार? सणाच्या फनफेअरला हाऊजीचे तिकीट घेताना 'फुल हाऊस' लागावे असे कुणाला वाटत नाही? बाकीचे पैसे चर्चच्या कामाला गेले म्हणून त्या तिकिटाला कुणी पाप म्हणत नाही. खुद्द संत जॉन बॉस्को यांनी तुरीनमध्ये संत फ्रान्सिस द सालच्या नावाचे चर्च बांधण्यासाठी १८५१-५२ साली लॉटरी काढली होती!

दुसरा आक्षेप गाजावाजाचा. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपल्याला पाठ आहे. टेबलावर कंपनीच्या नावाची पाटी लावून बसणाऱ्याला ती नक्कीच लागू आहे. शिवणयंत्र एक आणि फोटोत माणसे सोळा, हा प्रकार आपल्याकडेही काही कमी नाही. त्यावर अधिक बोलत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तो आहे व्यासपीठावरच्या त्या तरुणाचा. अशा सोहळ्यांत जिथे जिथे त्याला उभे करतात, तिथे तो काय करत असतो? आपल्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी रात्र तो सूटबूट घातलेल्या अनोळखी माणसांना सांगत असतो. ती जितकी काळी, तितकी रक्कम मोठी. पहिल्या आक्षेपात मी कांटला बाजूला ठेवले, इथे मात्र त्यांना परत बोलावले पाहिजे. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे, हा त्यांचा नियम. त्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. आपण सर्वच एकमेकांचे साधन होतो. बेकरीवाला माझ्या पावाचे साधन आहे. पण त्याला नाही म्हणता येते, दुकान बंद करता येते. व्यासपीठावरच्या तरुणाला नाही म्हणता येते का? ज्या संस्थेने त्याला तुरुंगाच्या दारातून उचलले, पगार दिला, तिने 'जरा दोन शब्द बोल' म्हटल्यावर तो काय म्हणणार? जबरदस्ती कुणी करत नाही, खरे आहे. पण उपकाराचे ओझे जबरदस्तीपेक्षा जड असते. ज्याने ते वाहिले आहे त्याला विचारा. आणि त्या कहाणीत त्याची आई येते, भाऊ येतो, कधी ज्याला त्याने जखमी केले तोही येतो. त्यांची परवानगी कुणी घेतली?

याला उत्तर म्हणून, 'कहाणी ऐकल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत,' असे सांगितले जाते. दुर्दैवाने ते खरे आहे. पण त्यातून श्रोत्यांचा दोष सिद्ध होतो, त्या तरुणावरचा भार हलका होत नाही. माझ्या मते निकष साधा आहे. त्याने नकार दिला असता तर त्याच्या जागेला धक्का लागला असता का? आणि भाषण झाल्यावर तो कुठे जातो? मागच्या दाराने बाहेर, की एखाद्या टेबलावर ताट वाढून ठेवलेल्या आपल्या खुर्चीवर? संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला सांगतो की जेवण देशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या धनवान शेजाऱ्यांना न बोलावता गरिबांना, लुळ्यापांगळ्यांना, आंधळ्यांना बोलाव. गाला नेमका उलटा असतो. परतफेड करू शकणाऱ्यांनाच तिथे आमंत्रण असते, किंबहुना परतफेड आगाऊच घेतलेली असते! प्रभूच्या दृष्टान्तात गरीब पाहुणा आहे. त्याने जेवणापूर्वी काही सांगायचे नाही, काही सिद्ध करायचे नाही, फक्त बसायचे आणि जेवायचे आहे.

इथे बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित आणि वैद्य मोशे मायमोनिडीस यांची आठवण होते. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत असे गुप्त दान सर्वांत श्रेष्ठ असेल, असे आपल्याला वाटेल. मायमोनिडीस त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतात. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज देणे, धंद्यात भागीदार करून घेणे किंवा त्याला काम मिळवून देणे, म्हणजे पुन्हा हात पसरायची त्याच्यावर वेळ येणार नाही. गंमत अशी की या सर्वोच्च पायरीवर गुप्तता उरतच नाही. भागीदाराला तोंड पाहावेच लागते. नोकरी अनोळखी माणसाला पाकिटात घालून देता येत नाही. सोमवारी सकाळी तो तुमच्या दारात उभा असतो आणि तुम्हाला त्याच्या नावाने हाक मारावी लागते.

म्हणजे ५०० डॉलरच्या त्या ताटाने प्रशिक्षण विकत घेता येते, नोकरी नाही. टेबल विकत घेणाऱ्या कंपनीच्याच नोकरीच्या अर्जावर 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?' असा चौकोन असेल, तर एका हाताने तिने त्या तरुणाला शिकवले आणि दुसऱ्या हाताने त्याच्यासमोर दार लावले. हा चौकोन इतका सार्वत्रिक होता की कॅलिफोर्निया राज्याला कायदाच करावा लागला. १ जानेवारी २०१८ पासून तिथे पाच किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला, नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवाराच्या शिक्षेची चौकशी करता येत नाही. डोलोरेस मिशनच्या बायका कारखान्यांच्या दारांवरून परत फिरल्या त्याला तोवर जवळजवळ तीस वर्षे झाली होती. मला वाटते, अशा सोहळ्यात व्यासपीठावर बोलायला त्या तरुणाऐवजी एखाद्या मालकाला उभे करावे. मी अमुक इतकी मुले घेतली, त्यांतली इतकी टिकली, इतकी पळाली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा घेणार आहे, एवढे त्याने सांगावे. ते ऐकायला कदाचित टेबले कमी खपतील.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी तरुणपणी युद्धकाळात दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. १९८१ साली त्यांनी श्रमावर विश्वपत्र लिहिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्याचा गाभा. वेतन हे कामाचे एक फळ झाले; काम करताना माणूस स्वतः घडतो, हे मोठे फळ. ते देणगीच्या पावतीवर लिहिता येत नाही.

वर लॉटरी काढणाऱ्या जॉन बॉस्कोंचा उल्लेख केला. त्याच १८५२ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. एका मुलाला सुताराकडे उमेदवार म्हणून ठेवताना त्यांनी स्टँप पेपरवर करार केला. मालकाने मुलाला सुतारकामच शिकवायचे, घरगड्यासारखे राबवायचे नाही. चुकला तर शब्दाने समजवायचे, मारायचे नाही. सणाच्या दिवशी सुट्टी द्यायची, वर्षातून पंधरा दिवस रजा द्यायची आणि ठरलेले वेतन आठवड्याला द्यायचे. करारावर मालकाच्या आणि मुलाच्या बरोबरीने बॉस्कोंचीही सही होती, आणि मुलाची वागणूक चांगली राहावी म्हणून साहाय्य करण्याचे वचन त्यांनी दिले होते. लॉटरीच्या तिकिटाने चर्च उभे राहायला मदत झाली. त्या मुलाला मात्र तिकीट पुरले नसते, त्याला सही लागली.

सणाच्या हाऊजीची तिकिटे नेहमीप्रमाणे मिळतीलच, ती जरूर घ्या. पण आपल्या धर्मग्रामात ज्यांचे गॅरेज आहे, फॅब्रिकेशनचे शेड आहे, बेकरी किंवा केटरिंग आहे, त्यांच्याशी मला वेगळे बोलायचे आहे. व्यसनातून किंवा तुरुंगातून परतलेल्या एखाद्या मुलाला उमेदवार म्हणून घ्यायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात भेटावे. कराराचा मसुदा मी तयार ठेवतो. जामीन म्हणून सही कोण करणार, तेही तिथेच ठरवू.

— तुमचा धर्मगुरू